काडीकिड्यांच्या बिरादार मॅडम

बिरादार मॅडमबरोबर निघालं की वेळेवर पोचायची आशा सोडून द्यावी लागे. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात त्यांचं घर एका गल्लीत आणि माझं पुढच्या गल्लीत. कॉलेजला आम्ही चालतच जायचो. वाटेत एखाद्या बंगल्याच्या भिंतीवरून पेरूची फांदी बाहेर आलेली दिसली की मॅडम थांबल्या. कुंपणाची मेंदी जरा दाट वाटली, थांबल्या. पर्स माझ्या हातात द्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि पानांत नाक खुपसून उभ्या राहायच्या. मागून ऑटोवाला हॉर्न मारतोय, बंगल्याचा वॉचमन "क्या गिर गया अम्मा?" म्हणून विचारतोय, मॅडमना त्याचं काही नाही.

"मॅडम, घंटा होईल."

"होऊ दे की. जल्दी काय आहे? कॉलेज कुठं पळून चाललंय?"

आणि मग एकदम आवाज खाली आणून, "हौ. आहे. बघ, सुधा."

मी बघत असे. पान, देठ, वाळकी काडी, परत पान. मला काही दिसत नसे. त्या काड्यांमधली एक काडी जिवंत आहे, तिला सहा पाय आहेत आणि पुढचे दोन तिनं डोक्यापुढे सरळ ताणून धरलेत, हे मॅडमनी बोट दाखवल्यावरच कळायचं. आणि पापणी लवली की ती पुन्हा काडी झालेली असायची.

आम्ही एकाच मुलींच्या कॉलेजात शिकवत होतो. त्या प्राणिशास्त्र, मी रसायनशास्त्र. वयानं त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या. घराणं मूळचं उदगीरकडचं, शेतीवाडीतलं. वडील नोकरीसाठी हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे मॅडमच्या मराठीत "हौ" आणि "नक्को" घरच्यासारखे नांदायचे, आणि फार रागावल्या की तेलुगू यायची. लग्न केलं नव्हतं. का, असं कुणी विचारलंच तर "फुरसत कुठं मिळाली?" एवढंच उत्तर. त्यांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं, पण मेंदीच्या कुंपणाजवळून जाताना माझे पाय अजून मंदावतात.

लपून राहणाऱ्या किड्यावर इतका जीव असलेली बाई स्वतः दिसायला आणि बोलायला भलतीच ठळक होती. पोपटी, केशरी, राणी रंगाच्या साड्या. एकदा सुलतान बाजारात आम्ही साड्या घ्यायला गेलो. दुकानदारानं माझं वय आणि त्यांचे पांढरे केस बघून दोघींपुढे बदामी आणि राखाडी रंगांची चळत टाकली.

"ये क्या निकाले भैया?" मॅडम म्हणाल्या. "मेरेकू कोई खाने आ रा क्या, मैं छुपूं?"

दुकानदाराला काही कळलं नाही, पण तो हसला आणि झेंडूसारखी पिवळी साडी काढून दिली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "लपायचं काम त्यांचं. माझं काम दाखवायचं. मी बदामी नेसून कशी चालेल?" आवाजही तसाच. स्टाफरूममध्ये त्या हळू बोलत आहेत असं वाटायचं तेव्हासुद्धा बाहेरच्या व्हरांड्यातल्या मुली ऐकत असायच्या.

पण वर्षाच्या सुरुवातीचा त्यांचा पहिला तास पूर्ण शांततेत होई. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो पाहिला. टेबलावर बाटलीत एक पेरूची फांदी ठेवलेली. मॅडम म्हणाल्या, "या फांदीवर एक प्राणी आहे. एकेकीनं यायचं, बघायचं. सापडला तर ओरडायचं नाही, बोट दाखवायचं नाही. गप्प जागेवर जाऊन बसायचं. तुम्ही ओरडलात की दुसरीची मजा गेली."

मुली येत होत्या, वाकत होत्या, ओशाळून परत जात होत्या. काही जणी उगाच सापडल्यासारखा चेहरा करून बसल्या. मग मॅडमनी फांदीवर हलकी फुंकर मारली. पानं हलली, काड्या हलल्या. "आता बघा. वारा सुटला की तीही डोलते. पक्ष्याला वाटतं, काडीच. पण वारा थांबल्यावर ती जरा उशिरा थांबते. तेवढीच तिची चूक." पानं स्थिरावली. एक काडी मात्र अजून संथपणे डावी-उजवीकडे झुलत होती. वर्गातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला आणि आयेशा नावाची पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळून थेट दारापर्यंत पळाली.

मॅडमनी तिला रागावलं नाही. "घाबरलीस ना? ती पण घाबरली. फरक एवढाच, ती पळत नाही. बघ." त्यांनी त्या काडीला बोट लावलं, तशी ती फांदीवरून टपकन टेबलावर पडली. पाय अंगाला चिकटवून, मेल्यासारखी. मॅडमनी ती उचलली, तळहातावर ठेवली, उलटी केली, सुलटी केली. काही नाही. वाळकी काडी. बऱ्याच वेळानं तिनं एक पाय सोडला, मग दुसरा, आणि हळूहळू त्यांच्या मनगटावरून वर चढू लागली. आयेशा दारातून बघत होती. बाहेर मात्र गेली नाही.

प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ जाळी लावलेलं एक जुनं कपाट होतं. त्यात मॅडमचे काडीकिडे. त्यांना त्या "माझ्या पोट्ट्या", म्हणजे पोरी, म्हणायच्या, आणि ते बरोबरच होतं, कारण त्या कपाटात नर नव्हताच. त्यांच्या त्या जातीत मादी नराशिवाय अंडी घालते आणि त्या अंड्यांतून पुन्हा माद्याच निघतात. हे ऐकलं की दरवर्षी वर्गात खसखस पिके. एक मुलगी हमखास विचारायची, "मॅडम, मग नर कशाला असतात?"

"त्यांनाही हेच समजेना, म्हणून त्यांनी तो विषयच सोडून दिला," मॅडम म्हणायच्या, आणि वर्ग शांत होईपर्यंत फळा पुसत राहायच्या.

त्या कपाटापुढे मीही शिकले बरंच. की हे प्राणी दिवसभर हलत नाहीत आणि अंधार पडला की खायला लागतात. की अंगाला कातडं लहान होऊ लागलं की उलटं लटकून कात टाकतात आणि ती कात बहुधा खाऊन टाकतात, मागे खूण नको म्हणून. एकीचा पाय कपाटाच्या दारात अडकून तुटला होता. मॅडम दोन दिवस हळहळल्या. पुढच्या कातीनंतर त्या जागी एक बारीकसा पाय आला, वेडावाकडा, पण पाय. त्या दिवशी त्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, "कसला आनंद?" तर म्हणाल्या, "आमच्या घरात एकीला पाय आला."

अंड्यांवर तर त्या तासभर बोलत. मोहरीपेक्षा जरा मोठं, टणक, एखाद्या बीसारखं अंडं, टोकाला झाकण. मादी ते बसल्या जागेवरून नुसतं खाली टाकून देते. काही जातींच्या अंड्यांवर एक खाण्याजोगी गाठ असते. मुंग्या त्या गाठीसाठी अंडं बिळात नेतात, गाठ खातात आणि अंडं तसंच टाकून देतात. "मुंग्यांना वाटतं आपण खाऊ आणला," मॅडम म्हणायच्या, "आणि आईला माहीतही नाही की आपलं लेकरू जमिनीखाली पहाऱ्यात झोपलंय."

कॉलेजच्या मागच्या बाजूला पेरू, मेंदी आणि नाव नसलेलं बरंच काही वाढलेला एक कोपरा होता. एका हिवाळ्यात सकाळी आम्ही तिथं गेलो. मॅडम नेहमीसारख्या शोधत होत्या. मी त्यांच्या बाजूला उभी होते, सवयीनं काहीही न शोधता. आणि मला ती दिसली. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी न दाखवता. मॅडमच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, उजवीकडे, पेरूच्या देठाला समांतर. मी नियम पाळला. गप्प राहिले. मॅडम आता बघतील, मग बघतील, म्हणून वाट बघत राहिले. त्यांनी फुंकर मारली. ती डोलली. मॅडम समोरच बघत होत्या.

"तुला सापडली," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"तू श्वास घ्यायची थांबलीस." मग चष्मा काढून पदरानं पुसत म्हणाल्या, "कोणत्या बाजूला?"

"उजवीकडे."

"उजवीकडचं मला दिसत नाही, सुधा. डावीकडचंही कमीच. समोर एक खिडकीएवढं राहिलंय. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही म्हणतात डॉक्टर. आहे ते टिकवायचं."

 मी फांदी त्यांच्या समोर ओढून धरली. त्यांनी ती काडी बघितली, मान हलवली, आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "वा! केवढी मोठी झालीय! आणि कुणाला सांगू नक्को. रडायला लागतील सगळे. मला रडणाऱ्यांना चहा करत बसायला वेळ नाही."

मी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी वाट बदलली नाही, साड्या बदलल्या नाहीत. फक्त रस्ता ओलांडताना माझा दंड धरू लागल्या, आणि तोही असा, की बघणाऱ्याला वाटावं माझाच तोल जातोय.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आहे ती नजर वाचावी म्हणून. त्या घरी पडून होत्या तेव्हा कॉलेजमध्ये सुट्टीतली फवारणी झाली. वाळवी आणि झुरळं मारायला बाहेरची माणसं आली होती. प्रयोगशाळेचे मदतनीस यादगिरी त्यांना कुलपं उघडून देत होते. तोंडाला फडकी बांधलेल्या त्या माणसांनी जाळीच्या कपाटात बघितलं. आत वाळलेल्या फांद्या होत्या. रिकामा पिंजरा, असं समजून त्यांनी आत नळी घातली.

यादगिरींनी मला फोन केला तेव्हा त्यांना नीट बोलता येत नव्हतं. मी गेले. कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रावर सगळ्या पडल्या होत्या. त्यातल्या मेलेल्या कोणत्या आणि नुसत्या काड्या कोणत्या, हे मला तेव्हाही ओळखता येत नव्हतं.

मॅडमना सांगायला आम्ही दोघं गेलो. डोळ्यावर हिरवं फडकं बांधून त्या पलंगावर बसल्या होत्या. यादगिरी दारातच उभे राहिले. "नेनु चूडलेदु, मॅडम," ते म्हणाले. मी बघितलं नाही, मॅडम. तेवढंच परत परत म्हणत राहिले.

मॅडमनी मान आवाजाकडे वळवली. मग म्हणाल्या, "एकपण हलली नसेल. नळी आत आली तेव्हा. आहे तिथं सरळ होऊन बसल्या असतील." त्यांचा आवाज फाटला. "कावळ्यापासून वाचल्या असत्या रे. चिमणीपासून, सरड्यापासून. माणसापुढं काही चालत नाही त्यांचं." मग त्यांनी अंदाजानं दाराकडे हात केला. "यादगिरी, इकडे ये. तुला दिसल्या नाहीत यात तुझी काय चूक? दिसू नये म्हणूनच तर त्या जन्मल्या. बस. सुधा, त्याला पाणी दे."

थोड्या वेळानं विचारलं, "तळाचा कचरा फेकला का?"

"नाही अजून."

"फेकू नक्को. सगळा पोत्यात भरून आण. एक कण सोडू नक्को."

प्रिन्सिपॉलसाहेबांना वाईट वाटलं होतं. त्यांनी फोनवर माफी मागितली आणि त्याच दमात सुचवलं, की आता मॅडमचं निवृत्तीचं वर्ष, ते कपाट काढून तिथं कॉम्प्युटर ठेवता येतील. मॅडम म्हणाल्या, "सर, कपाट अजून रिकामं नाही. आत अंडी आहेत. माझ्या निवृत्तीपर्यंत त्याला हात लावू नका. नंतर तुमचं कॉलेज, तुमचं कपाट." ते कबूल झाले.

कचऱ्यात अंडी होती, पण लेंड्या, पानांचे तुकडे आणि धूळ यांत मिसळलेली. डोळ्याचं फडकं सुटल्यावरही मॅडमना ती वेचता येणं शक्य नव्हतं, आणि मला ओळखता येत नव्हती. एका दुपारी गेले तर मॅडम गॅलरीत पाय पसरून बसलेल्या, मांडीवर सूप. आईचं सूप, उदगीरकडून आलेलं. त्यांनी मूठभर कचरा सुपात घेतला आणि पाखडायला सुरुवात केली. फट्, फट्, फट्. धूळ आणि पानांचा चुरा उडून गेला. मग सूप तिरकं करून बोटांनी टिचकी मारली. लेंड्या खरबरीत, त्या जागीच अडकून राहिल्या. अंडी गोल आणि गुळगुळीत, ती घरंगळून काठाशी आली.

"जवस असंच निवडायची मी लहानपणी," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची, या पोरीला सूप सोडून काही येत नाही. बघ म्हणावं."

काठाशी आलेला प्रत्येक दाणा त्या बोटाच्या टोकानं फिरवून बघायच्या. झाकणाचा उंचवटा लागला की वाटीत. बरेच दिवस हे चाललं. अधूनमधून आयेशाही येऊ लागली. ती आता शेवटच्या वर्षाला होती. किड्यांना हात लावत नसे अजून, पण सूप भरून द्यायची.

"विष आत पोचलं असेल तर?" मी एकदा विचारलं.

"पोचलं असेल, नसेल. कवच जाड असतं. तिनं बनवलंय, मी नाही. मला फक्त वाट बघायचीय."

ओलसर रेतीच्या पसरट भांड्यात अंडी मांडून ते भांडं धुऊन वाळवलेल्या कपाटात ठेवलं. पावसाळा सरला. काही झालं नाही. दिवाळी गेली. यादगिरी रोज सकाळी पाणी शिंपडत आणि मान हलवत. निवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला, तसं मॅडमनी कपाटाजवळ जाणं कमी केलं. स्टाफरूममध्येच बसून राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी शेतकऱ्याच्या घरातली. पेरलेलं सगळं उगवत नाही, हे मला कुणी शिकवायला नक्को. पण एखादं तरी?" एवढंच. नंतर तो विषय काढला नाही.

आणि मग एका सकाळी, आम्ही स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो तेव्हा दार ढकलून आयेशा आत आली.  तिची एक मूठ अलगद मिटलेली होती आणि चेहरा असा होता की हसू फुटतंय की रडू, ते सांगता येऊ नये. ती सरळ मॅडमपुढे येऊन उभी राहिली. त्यांचा हात धरून उताणा केला आणि आपली मूठ त्यावर उघडली.

मॅडम दचकल्या. तळहातावर दोऱ्याच्या तुकड्याएवढं काहीतरी चालत होतं, धागाभर जाड आणि थरथरतं. त्यांनी ते डोळ्यांसमोर आणलं, खिडकीएवढ्या उरलेल्या नजरेच्या मधोमध. बराच वेळ बघितलं.

"हातात धरून आणलीस?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"हौ मॅडम," आयेशा म्हणाली. "और भी हैं. निकल रे."

आम्ही सगळे धावलो. मॅडम माझा दंड धरून, आणि या वेळी खरंच धरून. रेतीच्या भांड्यात अंड्यांची झाकणं उघडत होती. सगळी नव्हे, फार थोडी. पण ज्यांची उघडत होती त्यांतून लांबच लांब पाय आधी बाहेर येत होते. यादगिरी मागच्या कोपऱ्याकडे पळत जाऊन पेरूची कोवळी पानं घेऊन आले आणि पोट्ट्या त्यांवर चढू लागल्या. प्रिन्सिपॉलसाहेब आले, वाकले, त्यांना काही दिसलं नाही. मॅडमनी त्यांचं मनगट धरून बोट बरोबर जागेवर नेलं. "ही. आणि ही. आणि ही इथं." मॅडमनाही त्या दिसत नव्हत्या. पानाच्या कडेला कुठं चढून बसतील, ते त्यांना ठाऊक होतं.

कपाट तिथंच राहिलं. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत गेले.

निवृत्तीनंतर मॅडम मलकपेठला भाचीकडे राहायला गेल्या. नजर पुढे पूर्ण गेली. आयेशा दुसऱ्या गावी पुढचं शिकायला गेली, पण जाण्याआधी काही पोट्ट्या एका जाळीच्या डब्यात घालून मॅडमकडे ठेवून गेली. मी जमेल तशी जात राहिले. शेवटची गेले ती एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास. भाचीनं दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, झोपल्या असतील.

झोपल्या नव्हत्या. केशरी साडी नेसून खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डबा शेजारच्या स्टुलावर, तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं. घरातला टीव्ही बंद, पंखासुद्धा बंद. माझी चाहूल लागली तशी त्यांनी हात वर केला.

"बस. बोलू नक्को. ऐक."

मी बसले. बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. आत काही नव्हतं. मग कागदावर अगदी बारीक आवाज आला. टप्. जणू कुणी एक बी सोडलं.

"घातलं," मॅडम म्हणाल्या.

मी वाट बघत राहिले. मध्ये पुन्हा शांतता. टप्. मग जरा लांबून, डब्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून, टप्.

"ही दुसरी. ती कोपऱ्यातली नवी आहे, तिचं आज पहिलंच."

खोलीत अंधार वाढत गेला. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही. मला त्यांचा चेहरा दिसेनासा झाला, साडीचा रंग तेवढा राहिला. मी निघाले तेव्हा त्यांनी नेहमीसारखा मोठ्यानं निरोप दिला नाही. नुसता हात हलवला आणि मान पुन्हा डब्याकडे झुकवली.